माझ्याकडे तर चालतंय

मी एक लॅपटॉप बोलतोय. करड्या रंगाचा, जरा जाडजूड, झाकणावर ऑफिसचा क्रमांक चिकटवलेला. सध्या संगणकवाल्याच्या खोलीत, कपाटाच्या मधल्या फळीवर, जुन्या कीबोर्डांच्या गर्दीत पडून आहे. उद्या मला कोरं करणार आहेत. मग मला काहीच आठवणार नाही, म्हणून आजच बोलून घेतो.

माझा जन्म कारखान्यात झाला, पण त्यातलं सांगण्यासारखं काही नाही. मी खरा शहाणा झालो तो ताईंच्या टेबलावर. आमचं ऑफिस औषधं पोचवणाऱ्या गाड्यांचं. कोणती गाडी कोणत्या रस्त्याने जाईल, आधी कोणत्या दुकानात थांबेल, हे सगळं ताई ठरवायच्या. कीबोर्डच्या कळा बडवायची सवय त्यांना नव्हती. हात हलका. जेवताना मात्र माझ्यावर चुरा सांडायच्या आणि मग ओढणीच्या टोकाने पुसत "सॉरी हं" म्हणायच्या. मला कुणी सॉरी म्हणावं, याचं मला फार अप्रूप वाटायचं.

मी ताईंचा होतो, पण पुरता नव्हे. भाडेकरूला घर मिळतं, भिंतीत खिळा ठोकायला मात्र मालकाला विचारावं लागतं, तसं ते होतं. ताईंनी माझ्यावर लिहावं, वाचावं, हिशेब करावेत. नवं काही बसवायचं, आतलं काही बदलायचं, तर ॲडमिनचा पासवर्ड हवा. तो संगणकवाल्याकडे. माणूस वाईट नव्हता, पण कायम घोड्यावर स्वार.

एके दिवशी ताईंच्या बाबांना अर्धांगाचा झटका आला. ते दूरच्या गावी त्यांच्या बहिणीकडे, म्हणजे ताईंच्या आत्याकडे राहायचे. डॉक्टर म्हणाले, "आता जवळ राहा. फार काळ हाती नाही." साहेबांनी ताईंना जायला परवानगी दिली, पण एक अट घातली. "गाड्या थांबायला नकोत. तिथून काम करा."

तिथून काम करायचं तर व्हीपीएन हवं. म्हणजे बाहेरच्या इंटरनेटमधून थेट आमच्या ऑफिसात उघडणारा एक बंद बोगदा. तो सुरू करताना माझ्या आतल्या वाटा बदलाव्या लागतात, आणि तो अधिकार ताईंना नाही. त्यावर सोय आहे. ॲडमिनने एकदाच एक मदतनीस सेवा माझ्यात चालू करून ठेवायची. मग ताईंनी नुसतं बटण दाबायचं, बाकीचं ती सेवा करते, पासवर्ड विचारत नाही.

संगणकवाला माझ्यासमोर बसला, स्वतःच्या नावाने आत शिरला आणि भराभर सगळं बसवलं. सेवा चालू करायची तेवढी राहिली. त्याला तिची गरजच पडली नाही, कारण तो स्वतः ॲडमिन. बटण दाबलं, हिरवा दिवा लागला.

"झालं, ताई. पळतंय बघा."

"मी एकदा माझ्या नावाने उघडून बघू का?"

"अहो, माझ्याकडे तर चालतंय ना? निघा तुम्ही, गाडी चुकेल."

ताईंनी मला पिशवीत घातलं. मला सगळं दिसत होतं, पण तोंड नव्हतं.

बाबांची खाट खिडकीशी होती. ताईंनी शेजारी स्टूल ओढून मला त्यावर ठेवलं. बाबांचा एक हात लुळा पडला होता, पण जीभ शाबूत होती. अंगात ताईंनीच आणलेला निळा स्वेटर, दोन माणसं मावतील एवढा ढगळ.

"हा पाहुणा कोण?" त्यांनी माझ्याकडे बघून विचारलं.

"माझी नोकरी आहे ती, बाबा. आता इथेच बसून करणार. कुठेही जाणार नाही."

म्हाताऱ्याचा चेहरा असा उजळला की आत्यांनी पदर डोळ्यांना लावला.

ताईंनी बटण दाबलं. हिरवा दिवा लागला नाही. चौकट आली. ॲडमिनचं नाव द्या, पासवर्ड द्या. पुन्हा दाबलं, पुन्हा तीच चौकट. कुठून कुठून शोधून दुसरा, न बसवता चालणारा प्रोग्रॅम आणला, तोही शेवटी त्याच चौकटीपाशी येऊन थांबला. ताईंनी संगणकवाल्याला फोन लावला.

"पासवर्ड फोनवर सांगता येत नाही हो, ताई. नियम आहे."

"मग तुम्ही तिथून दुरुस्त करा ना."

"तुमचं मशीन बोगद्यातून आत आलं तरच मला दिसतं. इथेच घेऊन यावं लागेल."

म्हणजे बोगदा दुरुस्त करायला आधी बोगदा हवा. साहेबांना फोन केला, ते म्हणाले, "उद्याच्या गाड्यांचं तेवढं बघा." ताई खाटेच्या कडेवर बसून रडल्या.

"अगं, रडतेस काय," बाबा म्हणाले. "तुझा तो संगणकवाला हा स्वेटर विकणाऱ्या दुकानदाराचा भाऊ दिसतो. त्या दुकानदाराने नाही का स्वतःच्या अंगाला लावून दाखवला, 'बघा, कसा बसतोय!' आणि आला माझ्या नशिबी."

रडता रडता ताईंना हसू आलं.

"जा, करून आण. मी कुठे पळतोय?" बाबांनी चांगल्या हाताने ताईंचा हात दाबला आणि बराच वेळ सोडला नाही.

दुसऱ्या दिवशी आम्ही ऑफिसात पोचलो. संगणकवाल्याने सेवा चालू केली आणि चहा निवायच्या आत काम आटोपलं. या वेळी ताईंनी स्वतःच्या नावाने उघडलं. दिवा हिरवा. तेवढ्यात आत्यांचा फोन आला.

"आत्या, झालं गं!" ताईच आधी बोलल्या. "लागलीच निघते. बाबांना सांग, आता मला पुन्हा यावं लागणार नाही."

मग आत्या म्हणाल्या, "सावकाश ये, बाळा. आता घाई नाही."

ताई माझ्याकडे बघत राहिल्या. माझा दिवा हिरवाच होता. तो विझवावा असं मला फार वाटत होतं, पण ते माझ्या हाती नव्हतं. संगणकवाला उभा होता.

त्यानंतर ताईंनी त्या रिकाम्या खाटेशेजारी बसून थोडे दिवस काम केलं. बटण दाबलं की बोगदा लगेच उघडायचा, कुणाला काही विचारावं लागायचं नाही. अंगात तो निळा स्वेटर असायचा, बाह्या दुमडलेल्या. मग एक दिवस त्यांनी नोकरी सोडली, मला पुसून पुसून स्वच्छ केलं आणि परत दिलं.

या फळीवरून मला संगणकवाल्याचं टेबल दिसतं. तो आजही घाईतच असतो. पण कुणाला मशीन द्यायचं झालं की काम संपल्यावर खुर्चीतून उठतो, म्हणतो, "बसा. तुमच्या नावाने उघडा." आणि दिवा लागेपर्यंत मागे उभा राहतो. एकाला उशीर होत होता, तो म्हणाला, "अहो, तुमच्याकडे चाललं ना?" संगणकवाला हलला नाही. "बसा," एवढंच म्हणाला.

उद्या माझ्यातलं ताईंचं नाव पुसलं जाईल. माझी काही तक्रार नाही. कधी त्या भेटल्या, तर माझा एवढा निरोप द्या, की तो आता खुर्ची सोडतो.