घंगाळातले अठ्ठ्याऐंशी

सोनपेठच्या आठवडी बाजारात त्या दिवशी भाजीच्या ओळीपेक्षा मंगल कार्यालयात रेटारेटी जास्त होती. प्रत्येकाला एकच आकडा हवा होता: अठ्ठ्याण्णव. बोटाला ऑक्सिजन मोजायचा चिमटा लावला, लाल दिवा लागला आणि पडद्यावर अठ्ठ्याण्णव उमटला, की शाळेचा निकाल लागल्यासारख्या टाळ्या.

मंचावर हरिओमजी प्राणाचार्य. मागे फलक: ‘करोनानंतरच्या दम्यावर जिल्ह्यातील पहिले महासंशोधन. रुग्ण चारशे बारा. गुण आला चारशे बारांना.’

“एकबी नापास न्हाई,” राजेश्री पुटपुटली. ती जिल्हा परिषदेच्या शाळेत विज्ञान शिकवायची. सगळ्या वर्गाला पैकीच्या पैकी पडले, की तिला आधी कॉपीचा वास यायचा.

तिनं पुन्हा घड्याळ पाहिलं. साडेदहाची एसटी गाठायची होती. परभणीला आईच्या हृदयाची तपासणी होती, दोन महिने थांबून मिळालेली वेळ. करोना होऊन तीन वर्षं झाली, तरी पार्वतीबाई अंगण झाडता झाडता दम लागून दोनदा ओट्यावर टेकायची. आणि वडील, आश्रुबा, सकाळपासून हटून बसले होते. “इथं अठ्ठ्याण्णव आला तर परभणी रद्द. उगी वायरी लावून घ्यायच्या कशाला?”

“आमचं संशोधन डबल ब्लाइंड हाय!” प्राणाचार्य गरजले. “रुग्णानं डोळे मिटायचे, आमीबी मिटायचे! परदेशातून फोन यायलेत, महाराज, पद्धत द्या. आमी म्हणलं, आधी सोनपेठ!”

पद्धत अशी. आधी ‘शुद्धी’: उजवा हात झेंडूच्या पाकळ्या तरंगणाऱ्या घंगाळात बुडवून एकवीस ॐकार. मग चिमटा. शिष्या मंजुषा आकडा वहीत ‘आधी’च्या रकान्यात लिही. मग वाफाळत्या काढ्याचा पेला दोन्ही हातांनी धरून सावकाश घोट. पुन्हा चिमटा, आणि ‘नंतर’चा रकाना.

पार्वतीबाईचा ‘आधी’ आला अठ्ठ्याऐंशी.

“माउली, यमाच्या दारातच उभ्या की तुमी!” प्राणाचार्यांनी कपाळाला हात लावला. काढा झाला. अठ्ठ्याण्णव! टाळ्या. आश्रुबांनी उपरण्यानं डोळे पुसले. “बघितलंस का पोरी? लाव परभणीला फोन. येत न्हाई म्हणाव.”

राजेश्रीनं आईला हाताला धरून उतरवलं. “काढा ठीक हाय,” पार्वतीबाई म्हणाली, “पण ते पाणी लय गार गं. बोटं बधिर झालती.”

राजेश्री थबकली. तशीच मागं फिरली आणि तिनं घंगाळात हात घातला. पाकळ्यांखाली बर्फाचे खडे.

“महाराज, माझंबी नाव लिहा.”

“तुमाला काय त्रास, ताई?”

“काईच न्हाई.”

गर्दी हसली. महाराजांना नाही म्हणता येईना. एकवीस ॐकार, चिमटा: सत्त्याऐंशी.

“अगं बया, मास्तरीणबाईबी चालल्या!” मागून कुणी बाई ओरडली.

काढ्याचा पेला बाजूला सारून राजेश्रीनं हात काखेत दाबला आणि ती चांगली पाच मिनिटं उभी राहिली. मग चिमटा लावला. अठ्ठ्याण्णव.

“काढा कुणी घेतला?” तिनं विचारलं. “चिमट्यातला उजेड बोटातल्या रक्तातून जातो. गारठ्यानं बोटातलं रक्त कमी झालं, की यंत्र चुकतं. गरम पेल्यानं हात शेकला, की नीट वाचतं. एवढंच.”

“ही श्रद्धा! ह्या मंचाच्या लहरी!” प्राणाचार्य ओरडले.

“थांबा महाराज,” आश्रुबा बाह्या सारत वर चढले. “आज सकाळी सोयाबीनची दोन पोती एकट्यानं टेम्पोत टाकली मी. घ्या माझा हात.”

शहाऐंशी. आश्रुबांनीही हात काखेत घातला. अठ्ठ्याण्णव. “म्हंजी चारशे बाराजणांचं...?”

“दादा,” राजेश्री वडलांना म्हणाली, “त्यातल्या एकाला तरी नुसतं गरम पाणी देऊन बघितलं का ह्यांनी? काढा न घेतलेल्या माणसाशी ताडून बघितल्याबिगर संशोधन होत न्हाई. ती नुसती हजेरी. आन् काढा कुणाला, पाणी कुणाला, हे देणाऱ्यालाबी ठाऊक नसणं म्हंजी डबल ब्लाइंड; डोळे मिटणं न्हवं.”

मंजुषानं वही मिटली. प्राणाचार्यांना ध्यानाची वेळ आठवली.

लोक हसत पांगू लागले तेव्हा पार्वतीबाईनं मुलीचा पदर ओढला. “मग माझा आकडा आधीपासून अठ्ठ्याण्णवच व्हता?”

“व्हय.”

“मग मला दम का लागतो?”

सहाजण तरी वळून राजेश्रीकडे बघायला लागले. त्यांनाही तेच विचारायचं होतं. करोनातून बरं म्हणून दवाखान्यातून घरी सोडलं, की यादीतून नाव कटलं. त्यानंतर कोण किती पावलांवर दम लागून थांबतं, हे गावात विचारायला कुणी आलंच नव्हतं. ती मोकळी जागा हेरूनच तर प्राणाचार्यानं मंच मांडला होता.

“माहीत न्हाई, माय,” ती म्हणाली. “म्हणून तर जायचं.”

आश्रुबांनी पिशवी उचलली.

एसटीच्या दुसऱ्या पायरीवर पार्वतीबाई थांबली. कंडक्टर खेकसला, “चला मावशी, उशीर व्हायलाय!”

“थांबा की जरा,” आश्रुबा म्हणाले. “तिला दम लागतो. खराच लागतो.”

राजेश्रीनं शाळेची वही काढून लिहिलं: पार्वतीबाई, दुसरी पायरी, थांबली. कारणाची जागा तिनं कोरी ठेवली. वाचकहो, चारशे बारापैकी चारशे बारा बरे झाले असं कुणी सांगितलं, तर अशी कोरी जागा त्याच्या वहीत कुठं आहे, तेवढं विचारा. नसेल, तर घंगाळात हात घालून बघा.