खोट्या गाठीचा लेंगा

मित्रांनो, मी एक जुना लेंगा आहे. लासुर्ण्याच्या मानसिंग आबांचा लेंगा. हे ऐकून तुमच्यातल्या काही जणांना हसू आलं असेल. येऊ द्या, मला राग नाही. पण माझी हकिगत पुरती ऐका. मी आबांच्या घरात जे काम केलं, ते भरजरी शालूला जमलं नसतं, असं मी छाती पुढे काढून सांगू शकतो. लेंग्याला छाती नसते, हे मला माहीत आहे.

जन्मानं मी लेंगा नव्हे. मी पलंगपोस होतो. पांढराशुभ्र, सुती, काठाला निळी बारीक रेघ असलेला. आबांच्या पत्नी विजयमालाबाई यांनी मला बारामतीच्या एका दुकानातून आणलं. त्यांच्या मुलीला, प्रतिक्षाला, बघायला सुप्याहून पाहुणे येणार होते. दुकानदारानं मोठमोठ्या फुलांचे रंगीत पलंगपोस पुढे टाकले, पण बाईंनी मान हलवली.

"पांढराच द्या. आमच्या घरात पांढरंच चालतं."

त्यांचं खरं होतं. आबा जन्मभर पांढऱ्या कपड्यांत वावरलेले. पांढरा सदरा, पांढरा लेंगा, पांढरी टोपी. उसाच्या फडात दिवसभर उभे राहिले तरी त्यांच्या कपड्यांची घडी मोडत नाही, असं गावात कौतुकानं बोललं जाई.

पाहुणे आले आणि माझ्यावर बसले. त्यांतल्या एका मामांनी माझ्यावर चहा सांडला, तरी लग्न जमलं. विजयमालाबाईंनी तो डाग किती घासला, पण तो पिवळसर होऊन राहिलाच. पुढे कितीतरी वर्षं मी फक्त पाहुण्यांसाठी पेटीतून बाहेर येत असे. मग रोजच्या वापरात आलो. मग मधोमध विरलो. मग माझ्यावर भुईमुगाच्या शेंगा वाळू लागल्या, आणि शेवटी माझं गाठोडं होऊन मी माळ्यावर जाऊन पडलो. तिथं मला वाटलं, आता संपलं आपलं.

त्याच सुमाराला घरावर एक संकट आलं. म्हशींसाठी वैरण बारीक करणाऱ्या कडबाकुट्टी यंत्रात आबांचा उजवा हात सापडला. बारामतीच्या दवाखान्यात जीव वाचला, पण हात मनगटाच्या वरून काढावा लागला.

आबा खचून जाणारे नव्हते. घरी आल्यावर ते डाव्या हातानं जेवायला शिकले. डाव्या हातानं सदऱ्याची बटणं लावायला शिकले. वेळ लागे, पण लावत. म्हशीला पाणी दाखवत, सून माधवीच्या पोरीला, छोट्या श्रेयाला, मांडीवर घेऊन गोष्टी सांगत. मात्र दवाखाना सोडला तर फाटकाबाहेर काही पडत नसत. दूध संकलनाच्या केंद्रावर रोज संध्याकाळी गप्पांना बसणारा माणूस, पण आता कुणी बोलवायला आलं तर आतूनच सांगे, "झोपलोय म्हणावं."

त्यातच सुप्याहून प्रतिक्षाचा फोन आला. लग्नानंतर बऱ्याच वर्षांनी तिला मुलगा झाला होता. बारसं ठरलं होतं.

"तुमी जाऊन या," आबा म्हणाले. "म्या गुरं बघतो."

"आवो, आजा हायसा तुमी त्याचा," विजयमालाबाई म्हणाल्या. "लेकीला काय वाटंल?"

आबा उठून गोठ्याकडे गेले. विजयमालाबाईंनी डोळ्याला पदर लावला. मुलगा दिग्विजय म्हणाला, "आबांना लोकांनी हाताकडं बघितलेलं आवडत न्हाय, दुसरं काय." सगळ्यांना तसंच वाटलं.

फक्त माधवीला तसं वाटलं नाही. माधवी या घरची सून. कन्हेरीची लेक. लग्नात येताना तिनं शिलाई मशीन आणलं होतं. ती कमी बोलते आणि नीट बघते. तिच्या एक गोष्ट लक्षात आली होती. ज्या दिवशी आबांना तपासणीसाठी दवाखान्यात न्यायचं असे, त्या दिवशी ते सकाळपासून पाणी पीत नसत. चहाचा कप पुढे केला तरी बाजूला सारत. दुपारी घरी परत आले, की तांब्याभर पाणी घटाघटा पीत.

एके दिवशी भाकरी थापता थापता तिनं सासूला हळूच विचारलं. सासूला ती आत्या म्हणते.

"आत्या, आबांच्या लेंग्याची नाडी कोण बांधतं?"

विजयमालाबाईंचा हात थांबला. "मीच बांधते की."

"आन् भाईर गेल्यावर? लघवीला जायचं झालं तर?"

विजयमालाबाई तव्याकडे बघत राहिल्या. भाकरी करपली. एका हातानं नाडी सोडता येते मित्रांनो, पण बांधता येत नाही. करून बघा. पाहुण्यांच्या घरी, चारचौघांत, आबांनी कुणाला हाक मारायची? मुलाला? जावयाला? हाताकडे कुणी बघितल्याचं त्यांना काही वाटत नव्हतं. हे एवढंच त्यांना कुणाला सांगता येत नव्हतं.

दिग्विजयनं मग बारामतीहून काळी ट्रॅक पँट आणली. कमरेला इलास्टिक, नाडीची कटकट नाही. आबांनी ती हातात धरून बघितली.

"ही पळायला जाणाऱ्या पोरांची. मला आता ह्यात फिरवतासा व्हय?" एवढं बोलून त्यांनी ती खुंटीला अडकवली, ती तिथंच राहिली.

मग माधवीनं ठरवलं, आपणच लेंगा शिवायचा. पण तोवर तिनं परकर, झबली आणि पिशव्याच शिवल्या होत्या. नवं कापड कापायला हात धजेना. त्याच दिवशी दुपारी जुन्या कपड्यांवर भांडी देणारी झुंबरबाई दारात आली, म्हणून विजयमालाबाईंनी माळ्यावरून माझं गाठोडं खाली काढलं. झुंबरबाईनं मला उलगडलं आणि तोंड वाकडं केलं.

"मधनं पार गेलंय की वो हे. ह्याच्यावर वाटीबी यायची न्हाय."

मला फार लाज वाटली. तेवढ्यात माधवी बाहेर आली. तिनं मला उचललं आणि दाराच्या उजेडात धरलं. माझ्या मधल्या भागातून अंगणातला लिंब आरपार दिसत होता. पण तिनं मला दोन्ही बाजूंना सरकवत सरकवत तपासलं. गादीखाली खोचले जाणारे माझे काठ कधी कुणाच्या पाठीखाली आले नव्हते, कधी घासले नव्हते. तिथलं कापड घट्ट होतं आणि इतक्या धुण्यांनी सायीसारखं मऊ झालं होतं.

"मावशी, हे न्हाय द्यायचं," माधवी म्हणाली.

असं माझं दैव उघडलं. दुपारी म्हशी रवंथ करत बसल्या, की माधवी मशीन दारापाशी ओढून बसे. तिनं आबांचा एक फाटका लेंगा उसवून त्याच्या मापानं मला कापलं. कात्री माझ्या अंगातून गेली तेव्हा मला भीती वाटली, हे मी लपवत नाही. तिनं विरलेला भाग वगळला, चहाचा डाग वगळला आणि माझ्या दोन्ही काठांतून दोन पाय काढले. पायांच्या खालच्या टोकाला माझी निळ्या रेघेची जुनी किनार आली. ती तिनं आत वळवली, कारण आबांना निळं चाललं नसतं.

मग प्रश्न आला कमरेचा. माधवीनं खुंटीवरची ट्रॅक पँट काढली आणि तिचं इलास्टिक उसवून घेतलं.

"अगं, नवी पँट फाडलीस?" दिग्विजय म्हणाला.

"कोण घालत हुतं ती?" माधवी म्हणाली. दिग्विजय हसला.

ज्यातून नाडी ओवतात त्या कमरेच्या पट्टीला नेफा म्हणतात. माझ्या नेफ्यात तिनं नाडीऐवजी ते इलास्टिक घातलं. विजयमालाबाईंनी मला आबांच्या कपड्यांच्या घडीत गुपचूप ठेवलं. दोघी सकाळची वाट बघत बसल्या.

सकाळी आबांनी मला उचललं. माझी कंबर चारी बाजूंनी गोळा झालेली, चुण्याचुण्यांची. त्यांनी नाडी शोधली. सापडली नाही. त्यांच्या चेहऱ्यावर काय आलं ते मी अगदी जवळून बघितलं. त्यांनी मला खाटेवर टाकलं आणि विजयमालाबाईंना म्हणाले, "बारक्या पोरागत करून ठिवताय मला. ह्याच्यापरीस घरात बसल्यालं बरं."

माधवी दाराआड होती. तिनं ते ऐकलं. दिवसभर ती मशीनकडे फिरकली नाही. मला वाटलं, आता मी पुन्हा माळ्यावर जाणार.

दुसऱ्या दिवशी दुपारी तिनं मला पुन्हा हातात घेतलं आणि माझी कंबर उसवली. या वेळी इलास्टिक फक्त मागच्या बाजूला घातलं. पुढची बाजू तिनं सपाट ठेवली, जुन्या लेंग्यासारखी. मग आबांच्या जुन्या लेंग्याची नाडी घेतली, तिची नीट सरगाठ मारली, दोन्ही टोकं खाली सोडली, आणि ती गाठ माझ्या पुढच्या बाजूला टाक्यांनी पक्की शिवून टाकली. बघणाऱ्याला वाटावं, नाडी बांधलेली आहे. ओढली तरी सुटायची नाही आणि सोडायची गरजही नाही.

विजयमालाबाईंनी मला पुन्हा घडीत ठेवलं.

दुसऱ्या सकाळी आबा मला घेऊन न्हाणीत गेले. त्यांनी आधी गाठ बघितली. अंगठ्यानं चाचपली. मग डाव्या हातानं मला एका बाजूनं ओढलं, मग दुसऱ्या बाजूनं. मी त्यांच्या कमरेवर बसलो. त्यांनी मला खाली केलं, पुन्हा वर घेतलं. पुन्हा खाली, पुन्हा वर. मी प्रत्येक वेळी नीट बसलो. त्या माणसाचा श्वास मोकळा होताना मला कळला.

बाहेर विजयमालाबाई नेहमीप्रमाणे नाडी बांधायला उभ्या होत्या. आबा त्यांच्या शेजारून सरळ पुढे गेले. टोपी घातली. ओसरीवरून उतरले. गोठ्यापाशी थांबले, म्हशीच्या पाठीवर हात फिरवला, आणि फाटक उघडून रस्त्याला लागले.

"कुठं निघालासा?" विजयमालाबाईंनी विचारलं.

"दुधाच्या सेंटरवर. येतो जाऊन."

त्या दिवशी ते उन्हं चढेपर्यंत आले नाहीत.

बारशाला आम्ही सगळे जीपनं निघालो. बारामतीत चहाला थांबलो. आबा आधी मोठा पेला भरून पाणी प्याले, मग त्यांनी चहा मागवला, मग म्हणाले, "आनखी अर्धा घेऊ का?" माधवी आणि विजयमालाबाईंनी एकमेकींकडे बघितलं आणि दोघीही दुसरीकडे तोंड करून उभ्या राहिल्या. सुप्याला प्रतिक्षा दारातच वाट बघत होती. तिनं वडिलांना आत नेऊन बसवलं. तिनं बाळ त्यांच्या मांडीवर ठेवलं, म्हणजे माझ्यावरच की. त्यानं मला लगेच ओलं केलं. जावई दुसरे कपडे आणायला धावले.

"ऱ्हाऊ द्या, सुती हाय. वाळंल," आबा म्हणाले.

माझ्या आयुष्यातला तो सगळ्यात मानाचा दिवस असं मी तेव्हा समजत होतो. पण त्याहून मोठा दिवस पुढे आला.

माझ्या पाठोपाठ माधवीनं जुन्या चादरींतून आबांसाठी आणखी लेंगे शिवले. त्यासाठी ती इंदापूरला करिमाभाभींच्या दुकानातून दोरा आणि इलास्टिक आणायची. एकदा करिमाभाभींनी विचारलं, एवढं रुंद इलास्टिक कशाला? माधवीनं दबक्या आवाजात सांगितलं. करिमाभाभींनी मागच्या दाराकडे बघितलं. त्यांचे पती इमामभाई लकव्यानंतर दुकानामागच्या खोलीतच बसून असत. उजवं अंग गेलं होतं. त्यांचाही पायजमा करिमाभाभीच बांधत, आणि तेही बाहेर पडत नव्हते. मशिदीत जाणंही सुटलं होतं.

"म्या सांगून ऐकायचे न्हाईत गं," करिमाभाभी म्हणाल्या. "बायकांनी ह्यातलं काय बोललेलं त्यांना खपत न्हाय."

माधवीनं घरी येऊन हे विजयमालाबाईंना सांगितलं. आबा ओसरीवर होते. त्यांनी ऐकलं असावं, कारण पुढच्या खेपेला माधवी इंदापूरला निघाली तेव्हा ते मला घालून तयार होते.

दुकानात पोचल्यावर ते थेट मागच्या खोलीत गेले. "तुमी दोघी जरा भाईर थांबा," म्हणाले आणि दार लोटलं. आत तिघंच उरलो. आबा, इमामभाई आणि मी.

आबा खाटेवर त्यांच्या शेजारी बसले. आधी पाऊसपाण्याचं बोलले, उसाचं बोलले. मग बायकोला, मुलाला, डॉक्टरला जे त्यांनी कधी सांगितलं नव्हतं, ते त्यांनी अनोळखी माणसाला सांगितलं. "इमामभाई, म्याबी महिनं न् महिनं घरातच बसून हुतो. हात गेला म्हून न्हवं. नाडीपायी."

इमामभाईंनी मान वर केली.

आबांनी सदरा वर केला आणि मला दाखवलं. "वढा बरं ही गाठ."

इमामभाईंनी डाव्या हातानं गाठ ओढली. ती सुटली नाही. त्यांनी पुन्हा ओढली.

"शिवलीय व्हय?"

"शिवलीय. सुनंनं. मागनं रबर हाय. येका हातानं चढतं, येका हातानं उतरतं."

"बाजारात मिळतं का असलं?"

"न्हाय मिळत. आमच्या घरातला जुना पलंगपोस हाय हा." आबांनी माझ्यावर हात फिरवला. "न्हाईतर झुंबरबाई न्हेणार हुती ह्याला."

इमामभाईंनी माझ्या कमरेचं मागचं रबर ताणून बघितलं. मग त्यांनी दाराकडे तोंड करून हाक मारली, "करिमा, मोठ्या ट्रंकेत ती पांढरी चादर हाय न्हवं? ती काढ. आन् आत या दोघी, माप घ्या माझं."

मित्रांनो, आता माझे गुडघे विरत आले आहेत. एका गुडघ्याला माधवीनं ठिगळ लावलं आहे आणि मी ते मिरवतो. उद्या माझं काय होईल, लंगोट की पुसणं, याची मला काळजी नाही. तुमच्या घरातही माळ्यावर, पेटीत माझी भावंडं पडलेली असतील. त्यांना टाकून देण्याआधी एकदा दारातल्या उजेडात धरा. कुठं विरलं आहे ते दिसेल, पण कुठं टिकलं आहे तेही दिसेल. आणि घरातलं कुणी बाहेर पडायचं टाळत असेल, तर लगेच त्याच्यावर रागावू नका. त्याचं कुठं अडलं आहे, ते माधवीसारखं न बोलता बघा. तेवढं कळलं, की सुईदोरा हातात घ्यायला वेळ लागत नाही.