शिडी परक्या जर्सीत

शिडीला क्लबने देऊन टाकलं ही बातमी दुकानात पोचली, तेव्हा वहिनी एका पडद्याची किनार दुमडत होती आणि तिच्या ओठांत टाचण्या होत्या. त्यामुळे पहिली बोंब तिच्या नणंदेने ठोकली.

"दिला? दिला म्हणजे काय? जुनी खुर्ची आहे का कुणालाही द्यायला?"

बातमी घेऊन आलेला बेकरीवाला दारातच उभा होता, हाताला अजून पीठ लागलेलं. "दुसऱ्या टीमला दिला, वन्सं. त्याच्या बदल्यात दोन पोरगेले खेळाडू येताहेत. शिडीचा पगार क्लबला झेपेना म्हणे."

नणंदेला सगळी गल्ली वन्संच म्हणायची. वहिनी लग्न होऊन या घरात आली आणि हाक मारता मारता तिने ते नाव गल्लीभर करून टाकलं. नवरा जहाजावर, वर्षातले बरेच महिने समुद्रात. सासऱ्यांच्या मागे शिवणाचं दुकान या दोघी चालवत होत्या. वहिनी कापायची, वन्सं शिवायच्या. वहिनी मोजूनमापून बोलायची, वन्संचं तोंड मशीनसारखं, एकदा पाय दाबला की थांबायचं नाव नाही.

आणि शिडी म्हणजे गावाच्या बास्केटबॉल टीमचा कणा. उंच तर होताच, पण उंच माणसं काय कमी असतात? शिडी बास्केटखाली उभा राहिला की इतरांना वर जायचा रस्ता मिळायचा, म्हणून ते नाव. चाहते जर्सीच्या पाठीवर त्याचं खरं नाव कधी शिवून घेत नसत. 'शिडी' एवढंच. अक्षरं कमी, काम पटकन. ती अक्षरं शिवण्याचं काम याच दुकानात चालायचं आणि वन्संनी ते कधी वहिनीच्या हाती लागू दिलं नव्हतं.

त्या आठवड्यात दुकान म्हणजे नुसता आखाडा झाला. लोक जर्स्या घेऊन येत. कुणाला नाव काढून हवं होतं, कुणाला उलट आणखी मोठ्या अक्षरांत हवं होतं, क्लबच्या नाकावर टिच्चून. वरच्या मजल्यावरचे दातांचे डॉक्टर दोन पेशंटांच्या मधल्या वेळात खाली येऊन वाद घालून जात.

"भावना बाजूला ठेवा," डॉक्टर म्हणायचे. "एका माणसावर सगळी तिजोरी रिकामी करायची आणि बाकीच्यांनी काय हवा खायची? हॉलचं छप्पर गळतंय. शिडीचे गुडघे गेलेत. आज दिला तर दोन चांगले खेळाडू मिळतात, पुढच्या वर्षी कुत्रं विचारणार नाही."

"तुम्ही दात काढणारी माणसं," बेकरीवाला म्हणायचा. "दुखतंय म्हटलं की उपटून मोकळे!"

"किडलेला असेल तर काढावाच लागतो."

"शिडी किडलेला?" वन्सं मशीनवरून उठायच्याच. मग डॉक्टर हात जोडून जिन्याकडे पळायचे.

वहिनीला मनातून डॉक्टरांचं पटायचं. तिने आयुष्यात एकही सामना पाहिला नव्हता. घर चालवणाऱ्या बाईला यात न कळण्यासारखं काय होतं? अंथरूण छोटं पडलं की पाय आखडतात, क्लबनेही आखडले. ती एकदा तसं बोलून गेली आणि वन्संनी दिवसभर तिच्याशी अबोला धरला. जेवायला वाढतानासुद्धा भिंतीकडे बघून, "कुणाला आणखी हवं असेल तर सांगावं," म्हणाल्या.

नाव उसवण्याचं काम वन्संनी साफ नाकारलं, म्हणून ते वहिनीकडे आलं. एकेक टाका तोडत ती अक्षरं सोडवायची आणि प्रत्येक वेळी तेच व्हायचं. बाकीचं कापड उन्हाने आणि धुण्याने फिकं पडलेलं, अक्षरांखालचं मात्र नव्यासारखं गडद. नाव काढलं तरी 'शिडी' दुरूनही वाचता यायचं.

"अहो वहिनी, हे गेलंच नाही," गिऱ्हाईक म्हणायचं.

"दोरा काढला. बाकीचं माझ्या हातात नाही," वहिनी म्हणायची. त्यातल्या एकानेही जर्सी पुन्हा धुवायला नेली नाही. तशीच अंगात घातली.

मग एका दुपारी दुकानातला उजेड एकदम कमी झाला. वहिनीला वाटलं, बाहेर टेम्पो लागला. मान वर केली तर दाराच्या चौकटीत छातीपर्यंतचा माणूस. डोकं बाहेरच. मग तो वाकला, डोकंही आत आलं आणि म्हणाला, "इथे कोट शिवता का?"

वन्संच्या मशीनचा आवाज मध्येच तुटला. इतकी वर्षं स्टँडमधून याला ओरडून ओरडून सूचना देणारी ही बाई झटक्यात खाली वाकली आणि पडलेलं बॉबिन शोधू लागली. बॉबिन पडलंच नव्हतं.

"शिवतो की," वहिनी म्हणाली. "कशासाठी हवाय?"

"नव्या टीममध्ये प्रवासाला सगळे कोट घालतात. तयार कपडा मला कुठला होतोय?"

डॉक्टर नेमके तेव्हाच जिन्यावरून बोलतच उतरले. "मी तर म्हणतो, दिला ते उत्तमच केलं, क्लबला आणखी..." आणि शेवटच्या पायरीवर थिजले. कोपऱ्यात बसलेल्या बेकरीवाल्याच्या चेहऱ्यावर त्या क्षणी जो आनंद पसरला, तो कुठल्याही सामन्यात पसरला नसेल.

शिडीने डॉक्टरांकडे पाहिलं. रागाने नाही. "तुम्ही म्हणता ते मलाही पटतं, साहेब," तो म्हणाला. "मला बोलावून हिशेब समजावून सांगितला त्यांनी. सगळा पटला. घरी गेलो आणि स्वयंपाकघरात उभा राहिलो, तर कुठलं कपाट उघडायला आलोय तेच आठवेना."

वहिनीने गळ्यातली टेप काढली.

तिने आजवर किती माणसं मापली असतील! पण हे माप घेताना तिचे हात सावकाश चालू लागले. खांद्यासाठी ती स्टुलावर चढली. उजवा खांदा डाव्यापेक्षा खाली होता, तो झाकायला आतून पातळ गादी द्यावी लागणार होती. दंडाखाली काखेपासून पाठीपर्यंत एक आखडलेला जुना व्रण. बाहीचं माप टाकताना टेपचं टोक मनगटापर्यंत पोचेपर्यंत तिला स्टूल सोडून खाली उतरावं लागलं. त्याने टेबलावर हात टेकला, तर तिने कापून ठेवलेली कॉलर त्या पंजाखाली दिसेनाशी झाली.

"गुडघ्यांचं काय झालंय?" तिने विचारलं. चालताना त्याचा पाय ओढत होता, ते तिने पाहिलं होतं.

"वहिनी, कोटाला गुडघे नसतात," तो हसून म्हणाला.

तिलाही हसू आलं. पण मापं लिहून झाल्यावर तिच्या मनात आलं, डॉक्टरांचंच खरं. माणूस दमलाय. एका बाजूने खचलाय. चांगल्या घरातलं जुनं फर्निचर जसं.

कोट तिने जीव ओतून शिवला. वन्संनी अस्तर लावलं, मुकाट्याने, एकही टाका वाकडा न पडू देता. न्यायला आला तेव्हा शिडीने तो घातला, हात पुढे केले, वर केले, आणि लहान मुलासारखा स्वतःभोवती फिरला. मजुरी दिली आणि वर दोन तिकिटं टेबलावर ठेवली. "त्यांच्याकडून खेळायला येतोय मी इथे. दोघींनी या. शिव्या द्यायच्या असतील तरी या."

वन्संनी तेव्हा तोंड उघडलं. एकच वाक्य बोलल्या. "डाव्या पायावर जोर नका देऊ हो."

"तुम्हीच का त्या?" शिडी म्हणाला. "दर सामन्यात वरून ओरडतं ते कोण, असं मी नेहमी म्हणायचो."

त्या दिवशी वन्संनी एका ब्लाउजला दोन्ही बाह्या एकाच बाजूच्या लावल्या.

सामन्याला वहिनी गेली ती वन्संना सोबत म्हणून. हॉल म्हणजे तिला लग्नाच्या कार्यालयासारखा काहीतरी वाटला होता. आत शिरली आणि तिने वन्संचा दंड धरला. एवढी माणसं एका छपराखाली तिने पाहिली नव्हती. छपराला खरंच डाग पडले होते. खाली लाकडी जमीन दिव्यांत अशी चमकत होती की तीवर पाय द्यायलाही कुणी धजावू नये.

परक्या टीमचे खेळाडू आले. शिडी सगळ्यात शेवटी. निळ्या जर्सीत. कुणीतरी शिट्टी मारली, कुणीतरी हुर्यो केली, पण ती पसरली नाही, एका कोपऱ्यातच विझली. मग सगळा हॉल गप्प झाला. हजारो माणसांचं ते गप्प होणं वहिनीच्या अंगावर आलं.

खेळ सुरू झाला आणि थोडा वेळ तिला काहीच कळलं नाही. बुटांची कचकच, शिट्टी, इकडून तिकडे पळापळ. शिडीही पाय ओढतच धावत होता. घरच्या टीमचे नवे दोघे विजेसारखे होते, त्याच्या बगलेतून निसटून जात होते. वहिनीला त्याची कणव आली.

मध्येच टाइमआउट झाला. शिडी घाम पुसत, खाली मान घालून चालत निघाला आणि सवयीने थेट आपल्या जुन्या बाकावर जाऊन बसला. त्याच्या ध्यानातही आलं नाही. जुन्या कोचने बघितलं, एक शब्द बोलला नाही, सरकून जागा केली आणि पाण्याची बाटली त्याच्या हातात दिली. दोन घोट पिऊन झाल्यावर शिडीने वर पाहिलं, सभोवार सगळ्या लाल जर्स्या. तो उभा राहिला. अख्खा हॉल हसला, तोही हसला, कोचने त्याच्या पाठीवर थाप मारली. वन्सं हसता हसता पदराने डोळे पुसत होत्या आणि पलीकडचा अनोळखी दाढीवालाही बाहीने डोळे पुसत होता.

त्यानंतर ते घडलं.

शिडीच्या नव्या टीममधल्या एका पोराने चेंडू टाकला. तो बास्केटच्या कडीवर आपटला आणि उंच उडाला. खाली चार-पाच जण झेपावले, हातांचं नुसतं रान. शिडी त्या गर्दीच्या मागे होता, भलत्या बाजूला, दूर. वहिनी त्याच्याचकडे बघत होती म्हणून तिला दिसलं. त्याने दोन पावलं टाकली. पाय ओढला नाही. आणि तो वर गेला.

वर गेला आणि जातच राहिला. इतर सगळे वर जाऊन खाली यायला लागले होते आणि हा अजून जात होता. तो खचलेला उजवा खांदा उघडला, जशी घडी उलगडते तसा, आणि त्यातून हात निघाला, निघतच राहिला. तिने टेप लावलेला हात. त्याची लांबी तिला पाठ होती. हा हात त्या लांबीचा नव्हता. बोटांची टोकं चेंडूला लागली, चेंडू तिथेच थांबला, जणू त्यालाही वाट बघायची सवय होती. मग सगळा मनुष्य हवेतच वळला आणि त्याने चेंडू वरून कडीत घातला. किती हळुवार! झोपलेल्या पोराला पाळण्यात ठेवावं तसा. जाळी हलली फक्त.

हॉलमधल्या सगळ्यांनी एकदम श्वास आत घेतला तो आवाज वहिनीने ऐकला. वादळाआधी झाडं घेतात तसा. मग छप्पर डोक्यावर येतंय की काय असा कल्लोळ उठला. लाल जर्सीवाले, निळे, सगळेच. बास्केट घरच्या टीमवर झाली होती आणि घरचीच माणसं वेड्यासारखी ओरडत होती. वहिनी उभी होती. कधी उठली तिला आठवत नव्हतं. तिने शेजारच्या दाढीवाल्याची बाही मुठीत पकडली होती आणि तो सोडवूनही घेत नव्हता.

"वन्सं," ती म्हणाली, "वन्सं, हे असं असतं?"

वन्संनी मान हलवली. "नेहमी नाही," त्या म्हणाल्या. "म्हणून तर यायचं."

सामना घरच्या टीमने जिंकला. अटीतटीने, पण जिंकला. शिडी शेवटची काही मिनिटं बाकावर होता, दोन्ही गुडघ्यांवर बर्फ बांधून. दोघी घरी चालत आल्या. रस्त्यात किती तरी वेळ वहिनी स्वतःशीच हात वर करून बघत होती आणि माणूस दिसला की खाली घेत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी दुकान उघडायला आणि डॉक्टर खाली यायला एकच गाठ पडली. चेहरा फुललेला. "काय वन्सं? जिंकलो की नाही? आता तरी कबूल करा!"

वन्संचा घसा पार बसला होता. त्यांनी हाताने वहिनीकडे बोट दाखवलं, बोल तू.

बेकरीवाला पाव तसाच टाकून धावत आला होता. त्याला ऐकायचं होतं, भट्टीमुळे त्याला जाता आलं नव्हतं. दोन गिऱ्हाइकंही थांबली.

"तुमचं बरोबर आहे, डॉक्टर," वहिनी म्हणाली. "क्लबने केलं ते योग्यच केलं. कालही पटत होतं, आजही पटतं." बेकरीवाल्याचा चेहरा पडला. "पण तुम्ही काल होतात का तिथे?"

"पेशंट होते हो."

"मग बसा."

तिने कात्री बाजूला ठेवली, टेबल सरकवलं, दुकानाच्या मधोमध जागा केली. "चेंडू तिकडे होता," ती म्हणाली. "त्या पंख्याच्या वर. आणि हा इथे, मागे, एवढा लांब." मग तिने पदर खोचला, दोन पावलं टाकली आणि चवड्यांवर उभी राहून हात वर केला. मध्यम बांध्याची, चष्मा लावणारी बाई, हात जेमतेम शेल्फपर्यंत पोचत होता. तिने खांदा उघडला, आणखी ताणला, बोटं लांब केली, आणि तशीच राहिली, डोळे वर लावून.

हसायला हवं होतं. कुणी हसलं नाही. बेकरीवाल्याने मान वर करून पंख्याकडे पाहिलं. गिऱ्हाइकांनीही पाहिलं.

"मग?" डॉक्टरांनी हळूच विचारलं.

"मग तो खालीच आला नाही," वहिनी म्हणाली.

जिन्यावरून पेशंटाने हाक मारली. डॉक्टरांनी ती ऐकली आणि ते बसल्या जागेवरून हलले नाहीत. "एकदा परत दाखवा," ते म्हणाले. "पहिल्यापासून."