पाऊण मापाचा सोफा

मी सोफा बोलतोय. राखाडी रंगाचा, दोन उशांचा आणि, आधीच सांगून टाकतो, नंतर हसू नका, मापाने पाऊण. लांबून बघाल तर काही कळायचं नाही. पण बसलात, की तुमचे गुडघे थेट हनुवटीच्या भेटीला येतील.

मला घडवणारा सुतार सरळ माणूस होता. माप हातात आलं तेव्हा त्याने कानावरची पेन्सिल काढली, पुन्हा कानावर ठेवली आणि विचारलं, "लहान मुलांसाठी आहे का हो हा?"

"छे हो! मोठ्यांसाठीच," कंपनीचा माणूस म्हणाला. "सोफा लहान असला, की खोली मोठी दिसते."

"अजून काय काय बघायचं बाकी आहे कुणास ठाऊक," असं पुटपुटत सुतार रंधा मारायला लागला. त्याच लाकडातून माझा थोरला भाऊ झाला, म्हणजे पलंग. त्यालाही पायथ्याकडून हातभर छाटला होता. वर एवढी जाडजूड चादर घातली, की भल्याभल्यांना पत्ता लागला नाही.

आमची कंपनी लोकांची जुनी घरं विकत घ्यायची, डागडुजी करायची, रंग मारायची, सजवायची आणि विकायची. घर पाहावं बांधून म्हणतात ना? आमच्याकडे सगळे म्हणायचे, घर पाहावं विकून. घर विकेपर्यंत आम्हा दोघा भावांचा मुक्काम तिथे. विकलं, की चला टेम्पोत. किती घरांत राहिलो म्हणून सांगू! पण अमुक घरचा सोफा असं मला कुणी कधी म्हटलं नाही.

माझ्या उशीवर एक पाटी असायची, 'कृपया बसू नये'. आता सांगा, सोफ्याचा याहून मोठा अपमान काय असतो?

पण नोकरमाणसं बसायची हो, कुणी नसताना हळूच. रंगारी वर्तमानपत्र अंथरून बसायचा आणि डबा खायचा. घरं विकत घ्यायला जो जायचा, तो तर बसला की डोकंच धरायचा. कुणाच्या घरात कुणी गेलं, कुणाची नोकरी सुटली, कुणा नवरा-बायकोचं फाटलं, की याला त्या दारात उभं राहावं लागायचं. एकदा एका आजीबाईंनी घराच्या किल्ल्या हातात ठेवल्या आणि वर यालाच म्हणाल्या, "सांभाळून जा रे बाबा, जिना निसरडा आहे." त्या दिवशी त्याने डबा उघडलाच नाही. लोक यांना गिधाडं म्हणतात. म्हणोत बापडे. मी त्यांचं वजन झेललंय. गिधाडं अशी गप्प बसत नाहीत.

सगळ्यांत जास्त बसली ती ताई. घरं सजवायचं काम तिचं. आम्हाला कुठे ठेवायचं, दिवे कुठले लावायचे, खिडकी किती उघडायची, सगळं तिच्या हातात. टेम्पो चालवणारे मामा तिला 'ताई' म्हणायचे, म्हणून सगळेच म्हणायचे. काम झालं, की चपला काढून माझ्यावर पाय घेऊन बसायची आणि फोन लावायची.

"काय गं बुटके, जेवलीस का?"

बुटकी म्हणजे तिची लेक. तिचे वडील नव्हते, आणि ती दुसऱ्या गावी ताईच्या भावाकडे राहायची. ताई राहायची भाड्याच्या जागेत, आणखी तिघींबरोबर. तिथे लेकराला कुठे ठेवणार? कंपनीत तिची नोकरी अजून कच्ची होती. पक्की झाली, की स्वतंत्र खोली घ्यायची आणि लेकीला घेऊन यायचं, एवढाच तिचा हिशोब. फोनवरचा आवाज मलाही ऐकू यायचा. "आई, तू नेणार आहेस ना? की नुसतंच म्हणतेस?" ताई हसून म्हणायची, "नुसतं कशाला म्हणेन गं?" फोन ठेवला की डोळे पुसायची, ते माझ्याच उशीच्या कोपऱ्याला. तो कोपरा कायम थोडा खारट.

मग ते तळमजल्याचं घर आलं. घर तसं चांगलं, पण झोपायची खोली म्हणजे आगपेटी. माणसं यायची, मान हलवायची, जायची. विकता विकेना. आमचे सर, म्हणजे शाखेचे प्रमुख, ताईला म्हणाले, "ताई, हे घर एवढं जाऊ दे. तुमच्या पक्क्या नोकरीचा कागद मी स्वतः वर घेऊन जातो. शब्द देतो." ताईने कंबर कसली. पलंग भिंतीला लावला, समोर आरसा टांगला, पडदे बदलले. आगपेटीची हवेली केली पोरीने!

आणि काका आले.

काका उंचेपुरे, निवृत्त बसचालक. बोलणं मोठ्याने, जणू शेवटच्या बाकापर्यंत पोचवायचंय. ते राहत होते वरच्या मजल्यावर, लिफ्ट नसलेल्या इमारतीत. काकूंचे पाय गेले होते आणि त्या चाकाच्या खुर्चीत असायच्या. घरातून खाली उतरून त्यांना कितीतरी दिवस झाले होते. काकांनी ठरवलं होतं, राहतं घर कंपनीला द्यायचं आणि हे तळमजल्याचं घ्यायचं.

झोपायच्या खोलीत उभं राहून त्यांनी एक डोळा मिटला. ताईने टेप पुढे केली. "टेप कशाला, पोरी? जन्मभर गल्लीबोळांतून बस वळवलीय मी. ही नजरच आपली टेप!" पलंगापासून भिंतीपर्यंत त्यांनी नजर फिरवली आणि खूश झाले. "हिची खुर्ची इथे गोल फिरेल बघ, गोल! आमच्या तिथे तिला वळताच येत नाही. खिडकीतून बघायचं असलं तरी मला हाक मारावी लागते. तिला त्याचं फार वाईट वाटतं गं."

नजर काकांची अगदी बरोबर होती हो. पलंग खोटा होता.

काका गेल्यावर ताई सरांकडे गेली. "सर, त्यांचा पलंग पूर्ण मापाचा असणार. तो इथे आला की खुर्ची नुसती आत जाईल, वळणार नाही."

"पलंगाचं माप त्यांनी विचारलं का?"

"नाही."

"मग न विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर द्यायला आपण काय परीक्षेला बसलोय? मोठे आहेत ते, त्यांचं त्यांना कळतं." मग सरांचा आवाज खाली आला. "ताई, मलाही वरून रोज फोन येतो. तुमचा कागद तयार करून ठेवलाय मी. नीट विचार करा."

सर वाईट नव्हते. पण नोकरी माणसाला अशा जागी उभं करते, की इकडे आड नि तिकडे विहीर.

त्या दिवशी ताईने बुटकीला फोन लावला. तिकडून पोर नेहमीसारखी विचारत होती, "आई, खोली मिळाली का?" ताई म्हणाली, "मिळेल हं." आणि कितीतरी वेळ फोन तसाच मांडीवर धरून बसली. मला हात असते ना, तर पाठीवरून फिरवला असता. सोफ्याला हात असतात म्हणे. असतात, पण काय कामाचे?

सहीच्या दिवशी काका नवा सदरा घालून आले. सर कागद मांडून बसले होते. एकदा सही झाली, की जुनं घर गेलं, मागे फिरणं नाही. ताईचं काम एवढंच, चहा द्यायचा आणि हसायचं. चहा दिला तिने. हसू काही जमेना.

काका पाटी न वाचताच माझ्यावर दणकन बसले. गुडघे हनुवटीला! "अगं पोरी, हा सोफा आहे की बालवाडीचा बाक?" म्हणून स्वतःच खदाखदा हसले आणि खिशातून पेन काढलं. "सही कुठे करायची? घरी सांगून आलोय, परवापासून तू स्वतःची स्वतः खिडकीपाशी जायचं. ती तर लाजलीच!"

पेन कागदाला लागणार, तेवढ्यात ताई म्हणाली, "काका, आधी जरा आत चला. पलंगावर आडवे व्हा."

"आँ? आत्ता? भर दुपारी?"

"ऐका माझं. व्हा ना."

सरांनी तिच्याकडे पाहिलं. तिने नाही पाहिलं. काका हसत आत गेले, दारातून मला सगळं दिसत होतं. चादरीवर ते ऐसपैस आडवे झाले आणि त्यांचे पाय नडगीपासून पलंगाबाहेर आले. ते आपल्याच पायांकडे बघत राहिले.

"अंथरूण पाहून पाय पसरावेत म्हणतात," ते हळूच म्हणाले, "पण हे अंथरूण..."

"मुद्दाम लहान केलंय, काका. सोफाही तसाच. तुमचा पलंग इथे आला, की काकूंची खुर्ची वळायची नाही. तुमची नजर चुकली नाही. आम्ही ती चुकवली."

काका उठून बसले. आता चिडतील असं मला वाटलं. पण त्यांनी पेनाला टोपण लावलं, पेन खिशात ठेवलं आणि ताईच्या डोक्यावर हात ठेवला. "तिला मी काय तोंड दाखवलं असतं गं," एवढंच म्हणाले आणि गेले.

सर येऊन माझ्यावर बसले. नोकरीत पहिल्यांदाच बसले असतील. त्यांचेही गुडघे हनुवटीला. "मी नसतो बोललो," ते म्हणाले. "आज तुम्ही बोललात, आणि आता तुम्हाला जायला सांगायचं काम माझं. वा रे न्याय!" ताईने चपला घातल्या, दिवे बंद केले, खिडकी लावली. आणि जाताना माझी उशी सारखी केली. सवय, दुसरं काय!

तिच्याशिवाय आणखी काही घरं पाहिली मी. मग टेम्पोतून उतरताना माझा पाय मोडला. सर म्हणाले, "टाकून या कुठेतरी." माझा थोरला भाऊ दुसऱ्या घरी गेला आणि मला एकट्याला टेम्पोत चढवलं. संपलं, म्हटलं, आता पाऊस खायचा नि वाळवीला पोसायचं.

पण टेम्पो थांबला तो कचऱ्यापाशी नाही. मामांनी हाक मारली, "ताई, तुझा नातेवाईक आणलाय!"

ताई आता एका रंगाच्या दुकानात आहे. आणि तिने खोली घेतली. खोली कसली, त्या आगपेटीची धाकटी बहीण! पूर्ण मापाचा सोफा दारातूनच आत आला नसता. मी मात्र असा बसलो, जणू सुताराने या भिंतीचंच माप घेतलं होतं. मोडक्या पायाखाली मामांनी विटेचा तुकडा सारला. उशीवरची पाटी ताईने काढली आणि तिचं सुपडं करून केर भरला.

मध्ये काका येऊन गेले. त्यांनी दुसरीकडे तळमजल्यावर जागा घेतली, या वेळी टेप घेऊन, गुपचूप. "हल्ली हाक मारतच नाही गं मला," ते म्हणाले. "खिडकीशी जाऊन बसते आणि मीच तिला शोधतो." मग माझ्यावर बसले, गुडघे हनुवटीला, आणि ओरडले, "हा बाक इथेही आला का!"

आता माझ्यावर रोज एक माणूस झोपतं. बुटकी. मी तिची जागा आहे, माझ्यावर दुसऱ्या कुणी वह्या-पुस्तकं ठेवलेली तिला खपत नाहीत. पहिल्या दिवशी ती लांब पसरली, डोकं माझ्या एका हातावर टेकवलं, आणि तिचे तळवे माझ्या दुसऱ्या हाताला जेमतेम टेकले.

"आई, हा माझ्याच मापाचा आहे!"

ताईने स्वयंपाक तसाच ठेवला आणि येऊन त्या पायांकडे बघत बसली. मग तिने डोळे पुसले, माझ्याच उशीच्या कोपऱ्याला.

पोर झपाट्याने वाढतेय. उद्या-परवा तिचेही पाय माझ्याबाहेर येतील. येऊ देत. तोवर एवढंच मागणं आहे, मला इथून हलवू नका. आणि तुम्ही आलात तर खुशाल बसा. फक्त बुटकी उठल्यावर.