सकाळ-संध्याकाळ एक चमचा

तिने बाटली उजेडात धरली. तळाशी जेमतेम दोन चमचे अर्क उरला होता. बाहेरच्या चिकटपट्टीवर तिच्याच अक्षरात लिहिलं होतं: सकाळ-संध्याकाळ एक चमचा.

धाकट्या भावाची घरातली सगळी औषधं घेऊन या, असा हॉस्पिटलातून निरोप होता, म्हणून ती त्याच्या कपाटातला कप्पा पिशवीत रिकामा करत होती. ही बाटली तिथे असायला नको होती. दोन महिन्यांपूर्वी आईचा खोकला हटेना, तेव्हा तिने ती प्रयोगशाळेतून आणली होती. आईसाठी.

"आई, ही इथे कशी?"

आई हात पुसत स्वयंपाकघरातून आली.

"त्यालाच देत होते. गोळ्या गिळून गिळून पोराचं पार चिपाड झालं होतं."

"तुझ्या खोकल्यासाठी होती ती."

"माझा खोकला काय, माझ्याबरोबरच जाईल. तूच म्हणालीस ना, याने अंगातली लढायची ताकद वाढते? म्हटलं, पोरालाच पुरू दे. एक थेंब नाही घेतला मी."

ती पलंगाच्या कडेवर बसली. म्हणाली होती खरी. सात वर्षं ती हेच मोजत आली होती: रक्तातल्या पांढऱ्या पेशींवर अर्क टाकायचा आणि त्या किती चवताळतात ते पाहायचं. हा अर्क सगळ्यांत सरस निघाला होता. भावाच्या गोळ्यांचं काम नेमकं उलटं. त्याच पेशींना पेंगत ठेवायचं, म्हणजे आईने दिलेली किडनी त्यांच्या नजरेत येणार नाही. पथ्याचा कागद तिनेच भिंतीवर चिकटवला होता. त्यात न उकळलेलं पाणी होतं, कापून ठेवलेली फळं होती, गर्दी होती. घरातल्या बाटलीबद्दल काही नव्हतं.

फोन वाजला. डॉक्टर होते. ती गॅलरीत गेली आणि तिने दार ओढून घेतलं.

"इंजेक्शनांचा उपयोग झाला नाही. किडनी आता वाचत नाही. उद्यापासून डायलिसिस सुरू करू. बाहेरचं काही घेत होता का तो?"

"हो. प्रतिकारशक्ती वाढवणारा एक अर्क. दोन महिने. मी आणलेला."

"तुम्ही?"

तिचं काम डॉक्टरांना ठाऊक होतं.

"त्यानेच झालं, असं छातीठोकपणे नाही सांगता येणार," ते म्हणाले.

"मला माहीत आहे."

ती आत आली तेव्हा आई पिशवीतल्या गोळ्यांच्या पट्ट्या उगाच सारख्या करत होती.

"काय म्हणाले?"

"किडनी गेली, आई."

आई बराच वेळ एका पट्टीच्या कडेवरून अंगठा फिरवत राहिली.

"नऊ महिने पोटात होता, तेव्हा कधी भांडला नाही माझ्याशी. आता माझंच काय परकं झालं त्याला?"

तिच्याकडे याचं उत्तर होतं. चार वाक्यांत देता आलं असतं.

"माझं काही चुकलं का गं?"

"नाही."

"डॉक्टर म्हणाले तसं?"

"तुझं काही चुकलं नाही, आई."

"आणि ते औषध?"

"औषध चांगलं आहे," ती म्हणाली. तेवढं तरी खरं होतं.

आईने मान हलवली. स्वयंपाकघरातून चमचा आणला, पिशवीतली बाटली काढली, बूच लेकीच्या हातात दिलं, चमचाभर अर्क ओतला आणि डोळे मिटून गिळला.

"कडूजहर आहे गं. बिचारा मुकाट्याने घेत होता."

"आता कशाला घेतेस?"

"दुसरी किडनी आहे ना माझ्याकडे, त्याला द्यायला," आई म्हणाली. "ती तरी धड राहायला हवी."

आईने बाटली चमच्यावर उलटी धरली आणि राहिलेला अर्क थेंब थेंब उतरेपर्यंत हात हलू दिला नाही. बूच लेकीच्या मुठीत होतं.