तात्पुरती जोडणी

निळ्या वायरच्या टोकाचा चाप मोडला होता. सकाळी ओढून काढताना तिनंच मोडला, रागानं. पॅनेलमधल्या ज्या डब्यातून वायर निघाली, त्यावर चिकटपट्टी होती, आणि पट्टीवर विटक्या शाईत 'तात्पुरते'. सात वर्षं तात्पुरते... यंत्रं पुरवणाऱ्या कंपनीचा माणूस दूर कुठेतरी आपल्या खुर्चीत बसून इंटरनेटच्या या वायरीतून आत यायचा, शहराच्या पाण्यात क्लोरीन किती पडावं ते बदलायचा, निघून जायचा. आणि शुद्धीकरणाची ही खोली जिच्या जबाबदारीवर, तिला गंधवार्ताही नसायची.

परवा त्यानं दुसऱ्याच शहराचा आकडा इथे टाकला. दोन्हीकडे पंप क्रमांक दोन, संगणकाचे दोन्ही पडदे सारखेच — झालं. पाळीवरच्या मामांनी पाण्याच्या नमुन्याची बाटली नाकाशी नेली, उग्र वास ओळखला म्हणून निभावलं, नाहीतर... ते 'नाहीतर' साहेबांनी तिला अहवालात लिहू दिलं नाही.

"अहो मॅडम, घरचीच माणसं आहेत ती," मघाशी साहेब म्हणाले होते. "चारपर्यंत जोडून टाका. कंपनी यंत्रांची हमी रद्द करेल, मग मलाही तुमच्या बदलीचं बघावं लागेल."

घरची! मी सख्ख्या बहिणीकडेसुद्धा फोन करून जाते, मग हा कोण लागून गेला? येणाऱ्यानं आधी फोन करावा, नाव सांगावं, कुठलं यंत्र, किती वेळ. मग मी जोडीन, शेजारी बसून बघीन, काम झालं की काढीन. हा आडमुठेपणा? असेल. बदली म्हणजे अंथरुणाला खिळलेल्या बाबांना दिवसभर कुणाच्या भरवशावर टाकायचं, हा विचार मघापासून पाठ सोडत नव्हता — पण बाबाही हेच पाणी पितात ना.

पावणेचारला फोन वाजला.

"मॅडम, लाइन बंद दिसतेय तुमची."

"बंद नाही, काढलीये. नाव सांगा आपलं."

"नाव? सात वर्षांत कुणी विचारलं नाही हो."

"मी विचारतेय. आणि कुठला पंप, तेही."

पलीकडून दमलेला, वयस्क आवाज आला, "परवा... मीच होतो, मॅडम." परवापासून तिच्या मनात त्याला चेहराच नव्हता, नुसता संताप होता. तो संताप आता कुठे ठेवावा ते तिला कळेना. साहेब दारात येऊन उभे राहिले, घड्याळाकडे बघत. तिला भीती वाटत होती, चांगलीच वाटत होती. फक्त भीती वाटली की मान आपोआप खाली जायची, ती आज जाईना.

"नाव राहिलं," ती साहेबांकडे बघत फोनमध्ये म्हणाली. "सावकाश सांगा. लिहून घेतेय."