चिठ्ठीत नसलेलं

समुपदेशन केंद्राची खोली पूर्वी खेळाच्या सामानाची होती. चेंडू, दोर आणि जाळ्या हलवून तीन वर्षं झाली, तरी कातड्याचा वास काही हलला नव्हता. समुपदेशक बाईंनी तिथे दोन खुर्च्या जराशा तिरप्या मांडल्या, दाराच्या काचेला ड्रॉइंगचा कागद चिकटवला, टेबलावर कागदी रुमालांचा खोका ठेवला आणि विद्यार्थ्यांची वाट बघत बसल्या. पहिल्या वर्षी चौघे आले. त्यातले दोघे चेंडू मागायला आले होते.

बाई मुळात पदार्थविज्ञान शिकवायच्या. वीस वर्षं शिकवल्यावर त्यांनी समुपदेशनाचा रीतसर अभ्यासक्रम केला आणि ही खोली मागून घेतली. हात टेकणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. मुलं आपल्याकडे येत नाहीत ना, मग आपणच मुलांमध्ये ऐकणारी माणसं तयार करू, असं म्हणत त्यांनी वसतिगृहातली मोठ्या वर्गांतली बारा मुलंमुली निवडली. नव्या मुलांनी आपलं सुखदुःख सांगावं ते या बारा जणांना, आणि प्रकरण गंभीर वाटलं तर यांनी त्यांना बाईंकडे आणावं. या बारा जणांना ‘सोबती’ म्हणायचं ठरलं.

दर बुधवारी चारला सराव. त्याची पद्धतही बाईंनीच बसवलेली. एका डब्यात त्यांनी स्वतः लिहिलेल्या वीस चिठ्ठ्या असत, प्रत्येकीवर क्रमांक आणि एक अडचण. बोलणाऱ्याने चिठ्ठी उचलायची, मनात वाचायची, घडी करून मुठीत ठेवायची आणि ती अडचण आपलीच आहे असं समजून बोलायचं. समोरच्याने नुसतं ऐकून, प्रश्न विचारून आतलं दुखणं शोधायचं. चिठ्ठी कुणालाही दाखवायची नाही, अगदी बाईंनासुद्धा. शेवटी सगळ्यांनी टाळ्या वाजवायच्या. टाळ्यांनी धीर येतो, असं बाईंचं मत होतं, आणि बाईंची मतं सहसा पक्की असत.

बारा जणांत एक रेडिओ होता. हा उंच, सडपातळ मुलगा एकदा सुरू झाला की बंद करायची कळ सापडत नसे. त्याला ऐकायला शिकवणं म्हणजे माशाला झाडावर चढवणं. ‘समोरचा थांबला की मनात पाचपर्यंत मोज,’ असं बाईंनी सांगितलं, तर हा ओठ हलवून मोजायचा आणि समोरचा रडता रडता हसायला लागायचा.

आणि एक टाचणी होती. संख्याशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला, बारीक, कुणाच्या अध्यातमध्यात नसणारी. हजेरीचे कागद लावून टाचायचं काम तिने आपणहून घेतलं होतं, म्हणून हे नाव. पहिले तीन बुधवार ती मूग गिळून बसली. चौथ्या बुधवारी तिने चिठ्ठी उचलली, समोर रेडिओ बसला, आणि ती बोलायला लागली.

“मी मेसमध्ये ताट घेते,” ती म्हणाली. “रांगेत उभी राहते. मग वाढून न घेताच एक फेरी मारते आणि नळावर जाऊन ताट धुते. कोरं ताट. सगळ्यांना वाटतं, जेवली.”

“असं का करतेस?” रेडिओने विचारलं. या खेपेला मोजताना त्याचे ओठसुद्धा हलले नव्हते.

“भूकच लागत नाही. सकाळी उठले की वाटतं, अजून एक दिवस ढकलायचा.”

रेडिओने घाबरत बाईंकडे पाहिलं. बाईंनी मान डोलावली. सरळ विचारायचं, हे त्यांनी सगळ्यांकडून घोटून घेतलं होतं. विचारल्याने तो विचार कुणाच्या डोक्यात शिरत नाही, न विचारल्याने मात्र माणूस एकटा पडतो, असं त्या दर बुधवारी सांगत.

“जगू नये असं वाटतं का तुला?” रेडिओने विचारलं.

“हो,” टाचणी म्हणाली. “वाटतं.”

बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. रेडिओने, चक्क रेडिओने, तो प्रश्न विचारला होता! बाईंनी पहिली टाळी वाजवली आणि सगळी खोली टाळ्यांनी दणाणली. “अगं, तुला नाटकात घ्यायला हवं,” बाई टाचणीला म्हणाल्या. टाचणी हसली, चिठ्ठी डब्यात टाकली आणि हजेरीचे कागद टाचायला बसली.

त्यानंतर तीन बुधवार बोलायला टाचणीच. बाईच म्हणायच्या, “आज तू बस गं, तुझ्यासमोर बसलं की यांचा सराव चांगला होतो.” दर वेळी टाचणीचं बोलणं फिरून त्याच ‘हो, वाटतं’पाशी यायचं, आणि दर वेळी टाळ्या. इतक्या मुलांतून एवढी गुणी मुलगी हेरली म्हणून बाई मनातल्या मनात स्वतःचीच पाठ थोपटून घेत होत्या.

सत्र संपत आलं तेव्हा प्राचार्यांनी निरोप धाडला. बाहेरून पाहुणे येणार होते. त्यांना सोबतींचा सराव आवडला, तर पुढच्या वर्षापासून उपक्रम कायमचा होणार होता. शुक्रवारी तीन वाजता, मोठ्या सभागृहात. बाईंनी क्षणाचाही विचार न करता ठरवलं की बोलणार टाचणी आणि ऐकणार रेडिओ. चिठ्ठीही तीच, जिच्यावरून टाचणीने ताटाची गोष्ट रचली होती ती.

शुक्रवारी दोन वाजता त्या चिठ्ठी शोधायला बसल्या. कुणी कुठली उचलली ते मुलं सरावानंतर वहीत लिहीत, तारीख आणि क्रमांक. टाचणीच्या नावापुढे पहिल्या खेपेला सात होता. बाईंनी सात नंबरची चिठ्ठी उघडली. आपल्याच अक्षरात लिहिलं होतं, ‘खोलीतली जोडीदारीण न विचारता माझ्या वस्तू वापरते.’

लिहिताना चुकली असेल, असं म्हणून त्यांनी पुढचा बुधवार पाहिला. क्रमांक अकरा, ‘घरचे सारखी मोठ्या भावाशी तुलना करतात.’ त्याच्या पुढचा तीन, ‘वर्गात उभं राहून बोलायची भीती वाटते.’ मग चौदा, ‘विषय चुकीचा निवडला असं वाटतं.’ बाईंनी डबा टेबलावर उपडा केला आणि वीसच्या वीस उघडून वाचल्या. ताट कुठेच नव्हतं. दिवस ढकलणं नव्हतं. आणि जगू नये असं वाटण्याची चिठ्ठी तर असणं शक्यच नव्हतं. मुलांना सरावात एवढं जड ओझं नको म्हणून तसली चिठ्ठी त्यांनी मुद्दाम लिहिलीच नव्हती.

पोरगी चिठ्ठीत जीव ओततेय, असं चार आठवडे वाटत होतं. ती स्वतःचंच सांगत होती. त्यांना स्वतःची इतकी लाज वाटली की क्षणभर उठताच येईना. मग त्या उठल्या आणि जवळजवळ धावतच सभागृहात गेल्या.

टाचणी खुर्च्या मांडत होती. रेडिओ माईकशी झटापट करत होता.

“चल माझ्याबरोबर,” बाई म्हणाल्या.

“मॅडम, अजून दोन रांगा राहिल्यात.”

“राहू देत. चल, बाळा.”

खोलीत येऊन दोघी तिरप्या खुर्च्यांवर बसल्या. बाईंनी चार चिठ्ठ्या तिच्यासमोर ठेवल्या. टाचणीने त्यांच्याकडे पाहिलं आणि नजर खाली वळवली.

पाचपर्यंत मोजा, असं इतरांना शिकवणाऱ्या बाईंना त्या दिवशी पाचपर्यंत मोजणं फार कठीण गेलं. तरी त्यांनी मोजलं. मग विचारलं, “जगू नये असं वाटतं का तुला? हा सराव नाही. तुला विचारतेय.”

“मॅडम, मी चार वेळा सांगितलं,” टाचणी हळू म्हणाली. “तुम्ही टाळ्या वाजवल्यात.”

बाईंनी चारही चिठ्ठ्या गोळा करून बाजूला सारल्या.

“पहिल्यांदा ते तोंडातून निघूनच गेलं. नाटक आहे असं सगळ्यांना वाटलं, म्हणून बरं पण वाटलं. नंतर मात्र दर वेळी वाटायचं, आज तरी तुम्ही म्हणाल, दाखव बघू ती चिठ्ठी.”

“चुकले गं मी,” बाई म्हणाल्या. “माझीच चूक आहे. तू सांगितलंस आणि मी ऐकलं नाही.”

तेव्हा टाचणी रडली. सरावात ती एकदाही रडली नव्हती, हे बाईंना आत्ता आठवलं. बाईंनी बाकीचंही विचारलं, जे विचारायलाच हवं होतं ते: आज काही करावंसं वाटतंय का, काही ठरवलं आहे का. आज नाही, ती म्हणाली, ठरवलं काहीच नाही, पण आपल्याला एकटीला सोडू नका. घरी कुणाला फोन करायचा, असं विचारल्यावर तिने ताईचं नाव सांगितलं.

तीनला पाच मिनिटं असताना दार वाजलं. प्राचार्य होते. “अहो, पाहुणे येऊन बसलेत! पुढचं सगळं वर्ष यावर अवलंबून आहे.”

“त्यांना चहा द्या, सर,” बाई दार अर्धवट उघडून म्हणाल्या. “मी आज येऊ शकत नाही.” आणि त्यांनी दार लावून घेतलं.

पाहुण्यांना शेवटी रेडिओने सांभाळलं. तो मंचावर उभा राहिला आणि पाऊण तास बोलला. त्याचं बोलणं कॉलेजच्या कामी आलं ते तेव्हाच पहिल्यांदा. पाहुणे ‘बघू’ म्हणून गेले. ते अजूनही बघताहेत.

ताई संध्याकाळी पोचली. ती एका बेकरीत काम करायची, हातांवरचं पीठही न धुता निघाली होती. तिने बहिणीला जवळ घेतलं ते बराच वेळ सोडलंच नाही. तिघी मिळून डॉक्टरांकडे गेल्या. औषधं सुरू झाली, दर आठवड्याची भेट ठरली, आणि टाचणी महिनाभर ताईकडे राहिली.

इकडे सोबतींचा सराव प्राचार्यांच्या कपाळावरच्या आठ्यांसकट चालू राहिला. बाईंनी बारा जणांपुढे आपली चूक कबूल केली. कुणाचं काय ते सांगितलं नाही, पण रेडिओ मान खाली घालून बसला. टाळ्या बंद झाल्या. आता सराव संपला की ऐकणाऱ्याने बोलणाऱ्याला विचारायचं, “यातलं तुझं किती?” बहुतेक जण ‘काहीच नाही’ म्हणतात. कधीतरी एखादा लगेच उत्तर देत नाही. मग बाकीच्यांना बाहेर पाठवून बाई आपली खुर्ची जवळ ओढतात.

पुढच्या सत्रात टाचणी परत आली. सगळं झटक्यात बरं झालं नव्हतं. काही दिवस ती वर्गात यायची, काही दिवस नाही. बाई दुपारी मेसमध्ये जेवायला लागल्या होत्या. तिच्यावर नजर ठेवायला नाही, असं त्या सांगत, आणि कुणाचाच त्यावर विश्वास नव्हता.

एका दुपारी नळावरच्या रांगेत टाचणी त्यांच्या पुढे उभी होती. हातात ताट. बाईंनी न बघण्याचा पुष्कळ प्रयत्न केला आणि शेवटी तिच्या खांद्यावरून डोकावल्याच. ताटाला रस्सा माखला होता, कडेला भाताची चार शितं चिकटली होती.

टाचणीने मागे वळून पाहिलं. “बघताय काय, मॅडम? खरकटंच आहे.”

“बघू तरी दे,” बाई म्हणाल्या. एका हातात ताट, दुसऱ्यात पेला; डोळे पुसायला त्यांचा एकही हात मोकळा नव्हता.